किती लेयर ठेवू? बोंडअळीचा अंदाज आणि न्यूरल नेटवर्कची निवड

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

आजचा विषय तुमच्या प्रश्नांमधूनच आलाय. डीप लर्निंगवर बोलायला लागल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय, आणि अमरावती-अकोल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या अन् कृषीच्या विद्यार्थ्यांकडून तर जास्तच. "डेटा आहे, पायथन येतं, लायब्ररी टाकून झाली. आता नेटवर्कमध्ये लेयर किती ठेवू? एका लेयरमध्ये न्यूरॉन किती? एलएसटीएम घेऊ की ट्रान्सफॉर्मर?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, मग उरलेला वेळ ते उलगडू. लेयर किती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याच्या आधी तीन प्रश्न येतात. हा अंदाज कुणाला आणि कशासाठी हवाय? हातात असलेला डेटा कोणत्या आकाराचा आहे आणि खरोखर किती आहे? आणि नेटवर्क न वापरता आपण कुठपर्यंत पोचतो? या तिघांची उत्तरं मिळाली की रचना बरीचशी आपोआप ठरते.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच चालवू. आपल्याकडचंच घेऊ: पऱ्हाटीवरची गुलाबी बोंडअळी.

आधी वावर, मग कोड

ज्यांना शेतीचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतात बीटी कापूस आला २००२ मध्ये, आणि दोन जनुकांचं बीजी-२ आलं २००६ मध्ये. काही वर्षं बोंडअळ्यांचा त्रास बराच कमी झाला. पुढे गुलाबी बोंडअळीनं बीजी-२ ला दाद देणं सोडलं; आधी गुजरातमध्ये, मग आपल्याकडे. २०१७ च्या हंगामात विदर्भात तिचा मोठा उद्रेक झाला. बोंड बाहेरून चांगलं दिसायचं, फोडलं की आत अळी.

हिच्यावर लक्ष ठेवायला कामगंध सापळे लावतात. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, तिला ल्युअर म्हणतात, आणि त्या वासावर नर पतंग येऊन अडकतात. शिफारस अशी आहे की एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग, आणि असं सलग ३ रात्री आढळलं, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं समजायचं. शिवाय डोमकळ्या आणि किडकी बोंडंही बघायची असतात; १० टक्के फुलं किंवा बोंडं किडलेली दिसली तरी तोच इशारा.

आपला अंदाजाचा प्रश्न असा: आजपर्यंतचे सापळ्यातले आकडे आणि हवामान हातात आहे, तर पुढच्या आठवड्यात ही पातळी ओलांडली जाईल का?

आता यात पणाला काय लागलंय ते बघा. नेटवर्क "काही होत नाही" म्हणालं आणि अळी आली, तर पीक गेलं. मग कुणी म्हणेल, शंका आली की फवारा म्हणायचं, त्यात काय! पण त्याच २०१७ साली, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणजे खोटा इशाराही फुकट नसतो. औषधाचा पैसा जातो, मित्रकीटक मरतात, आणि पाठीवर पंप घेतलेल्या माणसाचा जीव धोक्यात येतो. चूक दोन्हीकडे होऊ शकते आणि दोन्हीकडे किंमत आहे. नेटवर्कची रचना ठरवताना हे पहिल्या दिवसापासून डोक्यात पाहिजे.

शेवटचा लेयर सगळ्यात आधी ठरवा

बहुतेक जण नेटवर्क इनपुटकडून बांधत जातात. मी उलटं सांगतो: आउटपुटचा लेयर आधी ठरवा, कारण तिथे तुमचा प्रश्न बसलेला असतो.

एक पर्याय म्हणजे पतंगांची संख्या सांगायची. मग शेवटी एक न्यूरॉन, आणि सवयीनं बरेच जण वर्गातली चूक, म्हणजे मीन स्क्वेअर्ड एरर, वापरतात. तिथे एक गोची आहे. खरे पतंग ६० होते आणि नेटवर्कनं ४० सांगितले, तर चूक २०, वर्ग ४००. खरे १० होते आणि ६ सांगितले, तर चूक ४, वर्ग १६. नेटवर्क पहिली चूक दुरुस्त करायला धावणार. पण शेतकऱ्याला ४० काय अन् ६० काय, पातळी ओलांडलीच आहे. त्याला घात करणारी चूक दुसरी आहे, कारण ६ आणि १० च्या मध्ये ८ ची रेघ आहे! शिवाय पतंगांची संख्या ऋण नसते आणि ती मोजून आलेली असते. त्यामुळे संख्याच हवी असेल तर पॉइसन लॉस जास्त शोभतो.

दुसरा पर्याय सरळ आहे. "ओलांडेल" याची शक्यता ० ते १ मध्ये सांगायची. शेवटी एक न्यूरॉन, त्यावर सिग्मॉइड. मग इशारा कधी द्यायचा? सवयीचं उत्तर ०.५. पण समजा, कृषी अधिकाऱ्यांशी आणि शेतकऱ्यांशी बोलून असं ठरलं की चुकलेला इशारा हा खोट्या इशाऱ्याच्या चौपट महाग आहे. मग इशाऱ्याची रेघ येते १ भागिले ५, म्हणजे ०.२ वर. हा चौपटीचा आकडा संगणकावर बसून ठरत नाही. तो विचारून आणावा लागतो.

आणि नुसत्या अ‍ॅक्युरसीवर जाऊ नका. समजा १०० आठवड्यांपैकी १२ आठवड्यांत पातळी ओलांडली गेली. डोळे मिटून रोज "नाही" म्हणणारं यंत्र ८८ टक्के बरोबर येतं. कागदावर झकास, वावरात शून्य.

डेटाचा आकार कोणता?

आता मधल्या भागाकडे येऊ. डेटा ढोबळमानानं तीन आकारांत येतो: चित्र, रांग आणि तक्ता. कोणत्या आकाराला कोणती रचना, याचं कारण कळलं की पाठांतर करावं लागत नाही.

चित्र घ्या. सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा मोबाइलवर फोटो काढलाय आणि ते मोजायचे आहेत. फोटो छोटा करून २२४ गुणिले २२४ केला, तीन रंग धरले, तर १,५०,५२८ आकडे झाले. हे सगळे साध्या, पूर्ण जोडलेल्या लेयरमधल्या १०० न्यूरॉनना जोडले तर पहिल्याच लेयरमध्ये १,५०,५२,९०० पॅरामीटर होतात. दीड कोटी! त्याऐवजी कन्व्होल्यूशनचे ३ गुणिले ३ आकाराचे १६ फिल्टर घेतले, तर पॅरामीटर फक्त ४४८. एवढा फरक का? कारण पतंग फोटोच्या डाव्या कोपऱ्यात असो की उजव्या, तो पतंगच असतो. एकच फिल्टर सगळ्या फोटोवरून फिरवला तरी चालतं. म्हणजे जगाबद्दलची एक खरी गोष्ट आपण रचनेत घातली आणि कोटीचे शेकडे झाले. चांगली रचना म्हणजे माहीत असलेली गोष्ट नेटवर्कला पुन्हा शिकायला न लावणं.

हे काम प्रत्यक्षात झालेलं आहे. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेनं सापळ्याच्या फोटोवरून बोंडअळीचे पतंग मोजून सल्ला देणारी यंत्रणा उभी केली, आणि २०१९ मध्ये गूगलच्या एआय इम्पॅक्ट चॅलेंजमध्ये तिची निवड झाली. त्यातला शिकण्यासारखा भाग असा की मॉडेल नुसतं अचूक असून भागत नव्हतं. वावरात रेंज नसते आणि मोबाइल साधा असतो. त्यामुळे मॉडेल कापूनछाटून इंटरनेटशिवाय फोनवरच चालेल एवढं लहान करावं लागलं. म्हणजे "कुठे चालणार" हीसुद्धा रचनेची एक अट आहे. व्हीजीजी-१६ मध्ये सुमारे १३.८ कोटी पॅरामीटर आहेत आणि पहिल्या मोबाइलनेटमध्ये सुमारे ४२ लाख. गोडाउनातला सर्व्हर आणि खिशातला फोन, दोघांना एकच नेटवर्क कसं चालेल?

पण आपला आजचा प्रश्न फोटोचा नाही. आपल्याकडे आहेत दर आठवड्याचे आकडे: कमाल तापमान, किमान तापमान, सकाळची आर्द्रता, दुपारची आर्द्रता, पाऊस आणि सापळ्यातले पतंग. सहा रकाने, वेळेच्या क्रमानं. म्हणजे तक्ता पण आहे आणि रांग पण आहे.

डेटा खरोखर किती आहे?

आता पेन घ्या. समजा एका ठिकाणचा १५ हंगामांचा डेटा आहे आणि दर हंगामात २२ आठवडे. झाल्या ३३० ओळी.

मागचे ४ आठवडे बघून पुढचा सांगायचा, तर इनपुट २४ आकड्यांचं. मधे १६ न्यूरॉनचा एकच लेयर ठेवला तर एकूण पॅरामीटर ४१७. मधे २५६ न्यूरॉनचे तीन लेयर ठेवले, जे ट्युटोरियल बघून बरेच जण ठेवतात, तर पॅरामीटर होतात १,३८,२४१. एलएसटीएम घेतलं, १२८ युनिटचं, तर फक्त त्याचेच ६९,१२०. ३२ युनिटचं घेतलं तर ४,९९२.

३३० ओळी आणि १,३८,२४१ पॅरामीटर. पॅरामीटर ओळींपेक्षा जास्त असले की नेटवर्क चुकतंच असा काही नियम नाही. ड्रॉपआउट आहे, वेट डीके आहे, वेळीच थांबणं आहे. पण एवढ्या थोड्या आणि गोंगाट असलेल्या डेटावर एवढं मोठं नेटवर्क सोडलं, तर ते पाऊस आणि पतंगांचं नातं शिकण्याऐवजी कोणत्या साली कोणत्या आठवड्यात काय झालं हेच पाठ करून टाकतं. आपल्याकडे म्हणतातच, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मग कुणी म्हणेल, डेटा वाढवू. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके, अकोल्यात ७. एकवीस तालुक्यांचा डेटा मिळाला तर ६,९३० ओळी होतील. महाराष्ट्रात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प २००९-१० पासून चालू आहे, त्यामुळे अशा नोंदींची कल्पना हवेतली नाही. ओळी वाढल्या हे चांगलंच. पण एक सांगा, अकोटला आणि तेल्हाऱ्याला एकाच आठवड्यात ढग असतील तर त्या दोन ओळी खरंच दोन आहेत का? शेजारच्या तालुक्यांचं हवामान सारखं, बियाणं सारखं, पेरणीचा काळ सारखा. ओळी ६,९३० झाल्या तरी हंगाम १५ च राहतात. नेटवर्कनं "वाईट साल" किती वेळा पाहिलंय, हा खरा डेटा.

म्हणून लेयरची संख्या ठरवताना एक्सेलच्या ओळी मोजू नका, एकमेकांपासून वेगळे असे किती अनुभव आहेत ते मोजा.

नेटवर्कशिवाय कुठपर्यंत?

सगळ्यात साधा अंदाज: गेल्या आठवड्यात जे होतं तेच पुढच्या आठवड्यात. यात शून्य पॅरामीटर. दुसरा: मागच्या सगळ्या वर्षांत याच आठवड्यात जी सरासरी होती ती. हे दोन आधी काढून कागदावर लिहून ठेवा. नंतर लॉजिस्टिक रिग्रेशन. मग रँडम फॉरेस्ट किंवा ग्रेडियंट बूस्टिंग. आणि मग १६ न्यूरॉनचं लहान नेटवर्क.

हा क्रम मी भित्रेपणानं सांगत नाहीये. २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम आकाराच्या तक्त्यांच्या डेटावर झाडांवर आधारलेल्या पद्धतींनी डीप नेटवर्कना मागे टाकलं होतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कामात काळाच्या रांगेचा लांबचा अंदाज घेताना अगदी साध्या रेषीय मॉडेलनं त्या वेळच्या नामांकित ट्रान्सफॉर्मरना हरवलं. याचा अर्थ डीप नेटवर्क वाईट असा नाही. याचा अर्थ एवढाच की प्रत्येक नव्या लेयरनं आपली जागा कमवून दाखवली पाहिजे. खालच्या पायरीपेक्षा फायदा दिसला तरच वरची पायरी चढायची.

आठवण किती लांब हवी?

रांगेच्या डेटात खरा प्रश्न असतो मागे किती बघायचं. इथे कोडपेक्षा कीटकशास्त्र उपयोगी पडतं. अंडी, अळी, कोष, पतंग हे गुलाबी बोंडअळीचं चक्र अनुकूल हवामानात साधारण महिन्याभराचं. म्हणजे आज सापळ्यात पडलेला पतंग महिन्याभरापूर्वीच्या पिढीचा वारस. मग ४ ते ६ आठवड्यांची खिडकी पुरेशी वाटते. एवढ्या छोट्या खिडकीसाठी एलएसटीएम लागतंच असं नाही. मागचे आठवडे शेजारी शेजारी रकाने म्हणून मांडले तरी काम होतं. एलएसटीएम १९९७ मध्ये मांडलं गेलं ते रांगेत फार मागे घडलेलं लक्षात ठेवता यावं म्हणून. आपली रांग तेवढी लांब आहे का, ते आधी बघा.

पण एक आठवण खरंच लांब आहे: मागच्या हंगामाची. फरदड घेतली, पऱ्हाट्या वावरातच उभ्या ठेवल्या, तर अळी त्यातच सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या साली लवकर येते. हे नेटवर्कनं ५२ आठवडे मागे जाऊन शोधावं अशी अपेक्षा कशाला? "गेल्या हंगामात फरदड किती" असा एक रकाना सरळ द्या. तसंच ल्युअर कधी बदलला त्याची तारीख. ल्युअर जुना झाला की पतंग कमी पडतात आणि नेटवर्कला वाटतं कीड कमी झाली. असे दोन खरे रकाने दोन लेयरपेक्षा भारी पडतात.

गावाकडे बरेच जण सांगतात की अमावस्येच्या आसपास पतंगांची हालचाल वाढते. याच्यावर वाद घालत बसू नका. चंद्राच्या कलेचा एक रकाना टाका, मॉडेल चालवा, तो काढा, पुन्हा चालवा. न पाहिलेल्या वर्षांवर फरक पडला तर ठेवा, नाही पडला तर काढा. लेयरचंही अगदी असंच करायचं.

परीक्षा वर्षाची घ्या

"न पाहिलेली वर्षं" हा शब्द मुद्दाम वापरला. ओळी पिसून त्यातल्या २० टक्के परीक्षेला ठेवायच्या, ही पद्धत इथे फसवते. २०१७ चा ३८ वा आठवडा शिकवण्यात आणि ३९ वा परीक्षेत, म्हणजे पेपर जवळपास फुटलेलाच. मोठं नेटवर्क अशा परीक्षेत हमखास पहिलं येतं, कारण त्याला पाठांतर जमतं. त्यामुळे रचनेची निवडच चुकते. अख्खा हंगाम बाजूला ठेवा. जुन्या वर्षांवर शिकवा, पुढच्या वर्षावर तपासा, मग एक वर्ष पुढे सरका.

असं केलं की आणखी एक गोष्ट उघडी पडते. बीजी-२ प्रभावी असतानाची वर्षं आणि नंतरची वर्षं, यांत तेच तापमान, तोच पाऊस, पण पतंग वेगळे. फक्त आधीच्या शांत वर्षांवर शिकलेलं नेटवर्क २०१७ समोर आलं तर काय सांगणार? आठ लेयर असोत की ऐंशी, जे बदलल्याची नोंद डेटात नाही ते त्याला कळणार नाही. कोणत्याही रचनेकडून ही अपेक्षा ठेवू नका. दर हंगामात नवा डेटा घालून पुन्हा शिकवायची सोय मात्र आधीच ठेवा.

आणि एक बारीक चोरवाट. पुढच्या आठवड्याचा अंदाज काढताना पुढच्या आठवड्याचा खरा पाऊस इनपुटमध्ये घुसवू नका. सोमवारी सकाळी तो आकडा कुणाकडेच नसतो. असलाच तर हवामान खात्याचा अंदाज असतो. मग शिकवतानाही तो अंदाजच द्या.

मग खोल नेटवर्क कधी?

जेव्हा डेटा भरपूर असतो आणि कच्च्या आकड्यांपासून अर्थापर्यंतचा रस्ता लांब असतो तेव्हा. फोटोचं तसं आहे: ठिपक्यांवरून कडा, कडांवरून पंख, पंखांवरून पतंग. २०१२ च्या अ‍ॅलेक्सनेटमध्ये ८ लेयर होते, २०१५ च्या रेसनेटमध्ये १५२ पर्यंत गेले. पण तिथेही नुसते लेयर रचून काम झालं नव्हतं. रेसनेटवाल्यांनीच दाखवलं की साधं ५६ लेयरचं नेटवर्क २० लेयरच्यापेक्षा वाईट शिकत होतं, आणि तेही शिकवलेल्याच डेटावर! मधले लेयर ओलांडून जाणाऱ्या जोडण्या दिल्या तेव्हा खोली कामाला आली.

तुमच्याकडे सापळ्यांचे हजारेक फोटो असतील तर नवीन खोल नेटवर्क शून्यापासून बांधू नका. आधीच लाखो चित्रांवर शिकलेलं मोबाइलनेटसारखं एखादं घ्या, त्याचे शेवटचे लेयर बदला आणि आपल्या फोटोंवर शिकवा. पतंग मोजून मिळालेला आकडा मग आपल्या आठवड्याच्या तक्त्यात जाऊ द्या. म्हणजे एकाच कामात खोल नेटवर्क आणि उथळ मॉडेल दोन्ही, आपापल्या जागी.

तर क्रम असा लक्षात ठेवा. निर्णय आणि चुकीची किंमत. त्यावरून आउटपुट आणि लॉस. डेटाच्या आकारावरून रचनेचा प्रकार. वेगळ्या अनुभवांच्या संख्येवरून तिचा मोठेपणा. साधे अंदाज आधी, अख्ख्या हंगामाची परीक्षा नंतर. एवढं झाल्यावर लेयर एक असावा की तीन, हे दोन्ही करून बघायला एक दुपार पुरते. आणि दोन्ही सारखेच निघाले तर एकच ठेवा, कारण तो कृषी सहायकाला समजावून सांगता येतो.

पुढच्या भागात याच डेटाचं हरवलेले आकडे कसे हाताळायचे ते बघू, कारण पावसाळ्यात चिखलातून सापळ्यापर्यंत रोज कुणी जातंच असं नाही. प्रश्न पाठवत राहा. आणि हो, प्रश्न पाठवताना "किती लेयर" सोबत "किती हंगाम" तेही लिहा. भेटूया.